मीठ वाढलंय

५ एप्रिल, रविवार
आज तिसरा दिवस आणि मोठी अजून शेवंतीतच. सकाळी टाकीचा दिवा लावायच्या आधी टॉर्चने पाहिलं. धाकटा काठावर होता, अर्धा आत अर्धा बाहेर, पाहुण्यांकडे पहिल्यांदा जेवायला गेल्यासारखा.

पाच महिने दोन्ही क्लाउनफिश मासे खाऱ्या पाण्याच्या टाकीत फिल्टरच्या कोपऱ्यात झोपत होते आणि समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा जीव, पलीकडच्या दगडावर एकटं. बाबा रोज म्हणायचे, "क्वार्टर अलॉट झालंय, पझेशन घेत नाहीत." एकवीस वर्षं फौजेत काढली, अजून तीच भाषा. आईने समुद्रफुलाला पहिल्या दिवशीच शेवंती म्हटलं. आज काचेला नाक लावून बघत होती. "बसली का गं आत? बरं झालं. एकटं किती दिवस राहायचं कुणी."

दहा लिटर पाणी बदललं. खारटपणा १.०२५. टाकीच्या वहीत लिहिलं. तरी दोनदा उठून परत मोजलं. तेच आलं. मग एवढं का वाटत राहतं की काहीतरी राहिलंय?

८ एप्रिल, बुधवार
पानिपतला ऑडिट. आमच्या कंपनीला गाडीच्या सीटचं कापड देणारा सप्लायर. सोमवार २० ते शुक्रवार २४, तिथेच राहायचं. सर म्हणाले, "रेवती जाएगी, ये डिटेल वाली है." कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. मानेसरच्या ऑफिसपासून दिल्लीत द्वारकेच्या घरापर्यंत बसमध्ये टाकीचाच विचार. पाच दिवस. बाबा खाणं जास्त घालतात, "जवान भुकेला दिसतोय" म्हणत. म्हणजे आईच.

आईला आजवर पाण्याला हात लावू दिलेला नाही. का, ते नीट सांगता येणार नाही.

१८ एप्रिल, शनिवार
आईसाठी कागद केला. दोन पानं झाली, फाडून एक केलं. खाणं सकाळी एकदाच, चिमूटभर. पाण्याची पातळी पट्टीपर्यंत, कमी झाली तर आरओचं साधं पाणी. मंगळवारी एक कॅन पाणी बदलायचं: डब्यातल्या समुद्री मिठाचे खुणेपर्यंत तीन मग, रात्रभर ढवळत ठेवलेलं. बाकी कशाला हात नाही.

आईने मोठ्याने वाचलं. "मी तुला बाराखडी शिकवली, आता तू मला पाणी ओतायला शिकव." बाबा हसले. मी नाही हसले, कारण मी त्या वेळी दुर्बीण कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकत होते. थेंब टाकून, उजेडाकडे धरून खारटपणा वाचायचा ती. बाबांनी तिला दुर्बीण नाव पाडलंय. आईने पाहिलं. "ती नाजूक आहे गं," मी म्हटलं. "नाही लावत बाई हात," ती म्हणाली.

नऊ वर्षांची होईपर्यंत आईच माझी शाळा होती. बाबांच्या बदल्या, कुठे शाळा लांब, कुठे नाहीच. स्वयंपाकघराच्या फरशीवर वही. लाल पेन्सिल तिच्याकडे, पण चूक मीच लिहायची. आधी कुणाची, मग कोणती. 'चूक रेवतीची. हातचा धरला नाही.' एकदा तिनेच मला पृथ्वी चुकीची लिहायला शिकवली. दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत तिच्या हातचं: 'चूक आईची. ऋकार राहिला.' ते पान अजून आहे माझ्याकडे.

दोन तारखेला आई-बाबा गावाला जाणार. जत्रा, आणि मग आई जूनपर्यंत तिथेच. चुलतभावाच्या पिंकीला अक्षरं लावायची आहेत. आईने लाल पेन्सिल आत्ताच पिशवीत टाकून ठेवली आहे. दोन आठवडे आधी!

२० एप्रिल, सोमवार, पानिपत
आईचा व्हिडिओ आला. मोठी आत, धाकटाही आत. चार वेळा पाहिला.

२१ एप्रिल, मंगळवार
दुपारी जेवताना आईचा मेसेज. 'मीठ वाढलंय. आता काय करू?'

घास तसाच राहिला. पाणी उडून गेलं असणार, घरात पंखा दिवसभर, बाहेर एकेचाळीस. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पण तिला कसं कळलं? बोट बुडवून चव घेतली असणार. लगेच लिहिलं: 'घाबरू नकोस. रोज एक कॅन काढ आणि तेवढंच साधं आरओचं घाल. मी येईपर्यंत. मिठाचं पाणी अजिबात नको.'
आई: 'साधं चालेल ना?'
मी: 'साधंच.'
आई: 'बरं.'

संध्याकाळपर्यंत मशीनच्या आवाजात बसून कापडाचे धागे मोजत होते, डोक्यात टाकी. निदान विचारलं तरी तिने.

२३ एप्रिल, गुरुवार
फोन केला. आई म्हणाली, शेवंती जरा मिटल्यासारखी दिसते. "रोज कॅन घालतेस ना?" "घालते की. तू सांगितलंस तसं." झोप नाही. इथल्या हॉटेलचं पाणीही खारट लागतं, की मलाच लागतं.

२४ एप्रिल, शुक्रवार
बॅग दारातच टाकली. शेवंती मुठीएवढी झालेली. तोंड उघडं. तपकिरी दोरे सुटलेत. मोठी तिच्यावर अंग घासत होती, जणू उठवते आहे. दुर्बीण काढली. १.०२०. पुसून परत. १.०२०.

मीठ जास्त झालं होतं तर चार कॅनमध्ये इतकं खाली कसं जाईल? म्हणजे जास्त नव्हतंच. म्हणजे आईने नुसत्या अंदाजाने.

खारं पाणी करायला डबा उघडला. रिकामा. तळाला खरवडल्याच्या रेघा.
"आई, मीठ संपलंय हे सांगितलं का नाहीस?"
"सांगितलं होतं की."
"नाही सांगितलंस."
"रेवा, मी तुला सांगितलं होतं."
मी फोन काढून मेसेज तिच्यासमोर धरला. "हे बघ. इथे कुठे आहे?" चष्मा नव्हता तिच्या डोळ्यांवर. तिने वाचलंही नाही. मग मी जे म्हटलं ते लिहायला हवं: "मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे तूच शिकवलंस ना मला?"

ती आत गेली. ताट वाढून ठेवलं होतं तिने. कुणीच जेवलं नाही धड.

२५ एप्रिल, शनिवार
सकाळीच जनकपुरीला चावलाजींच्या मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात जाऊन समुद्री मीठ आणलं. ते म्हणाले, एकदम वर नाही न्यायचं, रोज एक पॉइंट, "वरना जो बची है वो भी जाएगी." म्हणजे पाच-सहा दिवस असंच पाहत बसायचं. आणि हेही म्हणाले: तोंड उघडंच राहिलं आणि वास सुटला, की लगेच बाहेर काढायचं. मेलेलं समुद्रफूल एका रात्रीत सगळं पाणी नासवतं, मासेही जातात.

बाबांना गॅलरीत विचारलं, "आई विसरते का हो हल्ली?" ते वळले. "का गं?" मी सांगितलं. नको होतं सांगायला.

२६ एप्रिल, रविवार
१.०२१. तोंड अर्धं मिटलं, परत उघडलं. वास घेतला. समुद्रासारखाच येतो, पण मी समुद्र तीनदाच पाहिलाय, मला काय कळणार?

बाबा आता आईच्या मागोमाग जाऊन गॅस बघतात. दार लावलंय का बघतात. त्यांना वाटतं तिच्या लक्षात येत नाही.

२८ एप्रिल, मंगळवार
१.०२२. ऑफिसातून आले तर शेवंती दगडावर नाही. पाय सोडलेला. पाण्याबरोबर लोळत पंपाकडे चालली होती, आणि धाकटा तिच्यामागे. पंप बंद केला, हाताने धरलं. एवढी हलकी. दोन दगडांच्या फटीजवळ ठेवून वर प्लॅस्टिकची टोपली पालथी घातली, स्वयंपाकघरातली, द्राक्षं धुवायची. न विचारता आईनेच आणून हातात दिली. परत आत गेली.

जेवताना मात्र बोलली. माझ्याशी नाही, बाबांशी. "गावाला फोन करून सांगा. पिंकीचं दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. माझ्याच्यानं आता शिकवणं नाही व्हायचं."
बाबा म्हणाले, "असं कसं? पोरगी वाट बघतेय."
"जिला पाणी मोजून ओतता येत नाही, ती काय शिकवणार."
मी भात कालवत राहिले.

लाल पेन्सिल पिशवीतून निघून टीव्हीजवळच्या पेल्यात आली आहे.

२९ एप्रिल, बुधवार
हे नीट लिहायचं आहे.

बसमधून उतरून परस्पर जनकपुरीला गेले, कोळशाची पिशवी हवी होती, पाणी गाळायला. पोचले तर शटर अर्धं खाली. चावलाजी म्हणाले, "आ गईं मैडम? मैं तो दुकान बढ़ा रहा था."
मी म्हटलं, "अरे वाह, बधाई हो! बगल वाली भी ले ली?"
ते इतके हसले की खुर्ची धरावी लागली. "नहीं जी! बढ़ा रहा हूँ मतलब बंद कर रहा हूँ. हमारे बाऊजी कहते थे, दुकान को बंद नहीं बोलते, मनहूस होता है. बढ़ाना बोलो. दिल्ली में रहती हो, इतना नहीं पता?"

मीही हसले. पैसे देत होते. आणि हात तसाच राहिला.

मीठ वाढलंय.

फरशी. मी सहा-सात वर्षांची. आई बाबांना सांगते आहे, "मीठ वाढलंय, कॅन्टीनमधून आणा." आणि मी विचारते आहे, वाढलंय तर आणायचं कशाला? आणि ती म्हणते आहे, मीठ, कुंकू, तांदूळ, यांना संपलं म्हणू नये. वाढलं म्हणावं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं हे.

सांगितलं होतं तिने. मंगळवारीच. डबा रिकामा झाला, आता काय करू, आणि मी म्हटलं साधं पाणी घाल. तिने विचारलंही, साधं चालेल ना? रोज एक कॅन. मोजून. माझ्या शब्दावर.

आणि मी? आता किराणा मी फोनवरून मागवते. किती वर्षांत या घरात कुणी कुणाला सांगितलंच नाहीये की काय संपलं.

मेट्रोत उभ्याने हे सगळं परत परत. घरी आले तर आई भाकरी थापत होती. दारात उभी राहिले. ती म्हणाली, "हात धू." मी हात धुतले.

३० एप्रिल, गुरुवार
१.०२४. टोपलीतून काही दिसत नाही. फटीत सरकली असावी. उचलून बघायची हिंमत नाही. तोंड उघडं दिसलं तर काढावं लागेल.

सांगितलं नाही. सकाळी बसची घाई. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, गावाला न्यायला लाडू घेऊन. मग बॅगा. ही सगळी कारणं आहेत हे मला कळतं. खरं एवढंच की 'माझं चुकलं' म्हटलं की पुढचंही म्हणावं लागेल. तुझ्यावर मी संशय घेतला. बाबांनाही घ्यायला लावला.

१ मे, शुक्रवार
बाबा आईला कस्तुरबा गांधी मार्गावर कार्यक्रमाला घेऊन गेले, महाराष्ट्र दिनाचा. दरवर्षी जातात. आई जात नव्हती, बाबांनी ओढून नेलं. परत आल्यावर बाबा म्हणाले, "तुझी आई बघ. कुणीतरी पुरणपोळीची कृती विचारली तर म्हणते, मला नका विचारू, माझं प्रमाण चुकतं." सांगताना हसायचा प्रयत्न केला त्यांनी.

मी स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "आई, ते मिठाचं..."
"जाऊ दे ना रेवा," ती म्हणाली. "आता किती दिवस तेच." आणि बाबांच्या गोळ्या मोजून डबीत भरायला लागली. मोजून झाल्यावर डबी माझ्यासमोर धरली. "एकदा तू बघ गं. बरोबर आहेत का."

मी बघितल्या. बरोबर होत्या. तेव्हा तरी बोलायचं होतं.

२ मे, शनिवार
निजामुद्दीनला सोडून आले. डबा लांब होता, कुली नको म्हणून बाबा पुढे बॅग घेऊन, आई मागे, मी मध्ये. फलाटावर बाबांनी दहा सूचना केल्या. आईने एकच. "जेवत जा." गाडी हलेपर्यंत मी खिडकीशी होते. वेळ होता. पूर्ण सात मिनिटं होती. शेजारचे गृहस्थ समोसे खात आमच्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर नको, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी आले. १.०२५. लिहायला वही खिळ्यावरून काढली. माझ्या कालच्या आकड्याखाली लाल अक्षरं, गोल, शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी:

चूक आईची. विचारून पाणी घातले पण समजून घातले नाही.

सकाळी मी टॅक्सी बघायला खाली गेले होते तेव्हा लिहिलं असणार. पेन्सिल वहीच्या दोरीत खोचून ठेवली होती. म्हणजे गावाला नेली नाही.

३ मे, रविवार
गाडी अजून वाटेत. फोन लागत नाही, लागतो, तुटतो. एकदा बाबा बोलले, "भोपाळ रात्रीच मागे पडलं, बाद में बोलते हैं." फोनवर तुटक तुटक सांगायची गोष्टच नाही ही.

टोपली उचलली नाही. वास घेतला. चार वेळा. मोठी टोपलीच्या बाहेर फेऱ्या मारते. काच साफ करायला हात घातला तर चावली. आजवर कधी चावली नव्हती.

तिच्या ओळीखाली लिहिलं. तीनदा खोडलं, मग असं राहिलं: 'चूक रेवतीची. आईने मीठ वाढलंय म्हणून सांगितले होते. मला मराठी आले नाही. किल्ली पर्समध्ये ठेवली.' शेवटचं वाक्य चूक लिहायच्या नियमात बसत नाही, पण राहू दिलं.

४ मे, सोमवार
रजा टाकली. सकाळी ते गावच्या घरी पोचल्या पोचल्या फोन केला. मागे कोंबड्या, कुणीतरी पंप चालू करत होतं, बाबा कुणाला तरी हाका मारत होते. आईच्या हातात फोन गेला आणि मी वहीतली ओळ वाचून दाखवली. सरळ बोलताच आलं नसतं.

मला वाटलं फोन तुटला.
"आई?"
"आहे. मग तू काय समजलीस?"
"खारटपणा वाढला, असं."
"अगं बया." आणि लगेच: "म्हणजे मी म्हणतेय डबा रिकामा, आणि तू म्हणतेस..."
"हो."
"आणि मी आपली रोज कॅन उचलतेय. तिसऱ्या दिवशी कंबर धरली माझी, माहितीये?"
हसली का? हसल्यासारखं आलं काहीतरी. मी मात्र नाही हसू शकले. म्हटलं, "मी बाबांनाही सांगितलं होतं, की तू विसरतेस."
"कळलं होतं मला. गॅस बघायचे ते." मग हळू: "ते वहीत लिहावंसं नाही वाटलं तुला?"
"लिहिते."
"लिही. आणि त्यांना तू सांग. मी नाही सांगणार."

तिथल्या तिथे लिहिलं. बाबांना फोन द्यायला सांगून सांगितलं. ते "हां... हां... अच्छा..." एवढंच म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चलो, गॅस मी इथे पण बघतो, चूल आहे तरी." आईने मागून काहीतरी ऐकवलं त्यांना.

मग परत आई. "शेवंती कशी आहे?"
"माहीत नाही. टोपलीखाली आहे. बघवत नाही. आई, गेली असेल तर काय म्हणायचं गं? वाढली?"
"छट्. जिवाला तसं म्हणत नाहीत. मीठ, कुंकू, तांदूळ. जीव गेला तरच गेला म्हणायचं. त्याच्या आधी नाही." मग कुणाला तरी, "थांब गं पिंके, बोलू दे," आणि परत मला, "ती पेन्सिल तिथेच राहिली बघ. पाठव. इथे सगळ्या काळ्याच आहेत."

कुरिअरवाल्याला विचारून झालं. एका पेन्सिलीसाठी एवढा मोठा खोका देतात. आत जुन्या वहीतलं ते पृथ्वीचं पान ठेवावं का, ठरत नाहीये. नको. ते मला हवं आहे.

दुपारी एक. टोपली उचलली. शेवंती फटीत खोल, नुसती कड दिसते, फिकट. तोंड दिसत नाही. वास नाही, किंवा माझं नाकच बधिर झालंय. मेली असेल तर चावलाजींच्या हिशेबाने आत्ताच काढायला हवी. दोन्ही मासे धोक्यात आहेत हे मला कळतं. बादली भरून शेजारी ठेवली आहे, हातमोजेही घातलेत.

कोळंबीचा एक तुकडा पाण्यात सोडला, मोठीसाठी. तिने तो खाल्ला नाही. तोंडात धरून फटीपर्यंत घेऊन गेली, आत ढकलला, मागे सरली आणि तिथेच थांबली. धाकटा तिच्या शेजारी.

दहा मिनिटं झाली. तुकडा बाहेर आलेला नाही. मेलेलं समुद्रफूल खाणं धरत नाही; खाली वाळूत पडला असेल. किंवा